घास मोजू नयेत

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली त्या सुमारास माझं वजन ८३ किलो भरलं. सर्वांत कमी झालं होतं तेव्हा ते ७६ होतं. म्हणजे सात किलो परत आले होते, आणि ते कुठून आले हे मला खरोखर सांगता येत नव्हतं.

डाएटिशियन मॅडमनी कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, ‘‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत ते सांगा.’’ मी सांगितलं. सकाळी अर्धी वाटी पोहे, दुपारी अर्धी भाकरी, भाजी, वाटीभर आमटी, संध्याकाळी चहा, रात्री थोडी मुगाची खिचडी. त्यांनी लिहून घेतलं, बेरीज केली. साडेसहाशे-सातशे कॅलरी झाल्या. एवढ्यावर कुणाचं वजन वाढत नाही हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘आठ दिवस लिहा. चमच्यानं चव बघितली तरी लिहा. आणि खाल्ल्याबरोबर लिहा, रात्री आठवून नको.’’

मला ते लागलं. मी सव्वीस वर्षं एका पतसंस्थेत कॅशला बसते. संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय आम्ही उठत नाही, मग फरक दहा रुपयांचा का असेना. माझ्या हिशेबावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. त्याच तिरीमिरीत घरी जाताना पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात उतरले आणि दोनशे पानी वही घेतली. ‘बघाच मग’ असं मनात होतं.

इथे थोडं मागे जायला हवं. माझं ऑपरेशन डिसेंबर २०१९ मधलं, स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद पिशवी उरते. सुरुवातीला तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटरच्या वर काही मावत नाही. दुसरी गोष्ट घ्रेलिनची. भूक लावणारं हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या, घुमटासारख्या भागात तयार होतं, आणि नेमका तोच भाग काढलेला असतो. त्या वेळी माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ११२ होतं. मधुमेहाच्या गोळ्या होत्या, रात्री श्वास अडकून उठून बसत होते. आम्ही सहकारनगरला राहतो, पर्वती घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिच्या १०३ पायऱ्या मी कित्येक वर्षांत चढले नव्हते.

‘सोपा मार्ग धरलास’ असं मला जवळच्या माणसांनी ऐकवलं आहे. पहिले काही दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं सार, तेही घोट घोट, घड्याळ लावून. मग ताक, पातळ मुगाचं कढण. मग मिक्सरमधून काढलेलं वरण. साधं जेवण ताटात यायला दीड-दोन महिने गेले. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले आणि बाहेर लॉकडाऊन होता. यातलं सोपं काय होतं ते मला अजून सापडलेलं नाही. पण एक खरं की, त्या पहिल्या दीड वर्षात भूकच नव्हती. चार घास खाल्ले की छातीपाशी दाटायचं आणि हात आपोआप थांबायचा. हात थांबवायला मला काही करावंच लागलं नाही. जून २०२१ मध्ये मी ७६ किलोंवर होते आणि सूर्योदयाला पर्वतीवर उभी होते.

नंतर भूक परत आली. ती कधी आली, कुठल्या महिन्यात आली, ते मला कळलं नाही. चाहूलही लागली नाही.

वहीचा पहिला दिवस. सकाळी सात दहा: भाजीत घालायला दाण्याच्या कुटाचा डबा काढला, एक चमचा तोंडात. लिहिलं. सात पंचवीस: आमटीचं मीठ बघितलं. लिहिलं. चिंच घातल्यावर परत बघितलं, लिहिलं. साडेसातला पोहे, अर्धी वाटी, ते बरोबरच होते. मग लेकीच्या बशीत राहिलेले दोन चमचे पोहे. पानात काही टाकायचं नाही ही लहानपणापासूनची शिकवण, आणि ती पाळायची म्हणजे आईनं संपवायचं. तेही लिहिलं. पतसंस्थेत साडेदहाला चहा, बाराला चहा, दुपारी डब्यानंतर चहा, साडेचारला चहा आणि त्याबरोबर दोन बिस्किटं, सहाला घरी चहा. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. मॅडमना मी ‘चहा’ असा एकच शब्द सांगितला होता. संध्याकाळी स्वयंपाक करता करता हातावर घेतलेला चिवडा. किती? म्हणून पुढच्या वेळी हातावरचा चिवडा काट्यावर टाकला. २२ ग्रॅम. आणि तो हात त्या संध्याकाळी तीनदा डब्यात गेला होता.

रात्री बेरीज केली तेव्हा आकडा १४०० च्या पुढे गेला. मी दोनदा परत केली. आमच्याकडे रोजमेळात असा फरक आला असता तर चौकशी बसली असती.

त्या रात्री मला लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशीही. पुढे वाचता वाचता १९९२ सालच्या एका अभ्यासाबद्दल समजलं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो छापून आला होता. ‘आम्ही हजार-बाराशे कॅलरीच खातो तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या काही माणसांचं खाणं त्यात संशोधकांनी आधी त्यांच्याकडूनच लिहून घेतलं आणि मग शरीर खरोखर किती ऊर्जा वापरतं ते मोजून ताडून पाहिलं. त्यांनी स्वतःचं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांची चयापचय क्रिया मंद वगैरे नव्हती. हे वाचून माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मी मॅडमशी खोटं बोलले नव्हते. मला जे ‘जेवण’ म्हणून आठवत होतं तेवढंच मी सांगितलं होतं. चव बघणं, उरलेलं संपवणं, येता जाता हातावर घेणं याला आपल्या भाषेत खाणं म्हणतच नाहीत, मग ते आठवणार कसं?

ऑपरेशन झालेल्यांना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पिशवी लहान झाली की भाकरी अडते, कडधान्याची उसळ अडते, पनीर अडतं. चिवडा अडत नाही. बिस्किट चहात विरघळतं आणि सुळकन उतरतं. वेफर्स, फरसाण, आइस्क्रीम, मस्तानी, यातलं काहीच दाटत नाही. म्हणजे जे खायला हवं त्याचे चार घास जड होतात आणि जे नको ते दिवसभर सुखानं जात राहतं. हे मला तीन वर्षं समजलं नव्हतं. भाकरी खाऊन छातीपाशी दाटलं की मला वाटायचं, पिशवी आपलं काम चोख करते आहे, आता काळजी कसली?

वहीवरून घरात ताण आला तो सासूबाईंमुळे. मी छोटा डिजिटल काटा आणला होता. पहिल्या आठवड्यात एका रात्री जेवायला बसल्यावर ताट त्याच्यावर ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि अर्धी भाकरी ठेवली. समोर सासूबाई होत्या. त्यांचा घास हातातच राहिला. ‘‘अगं, ताटातलं तोलू नये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुणाचे घास मोजू नयेत. स्वतःचेसुद्धा.’’ नंतर त्या रात्री त्या काही बोलल्या नाहीत.

त्यांचं म्हणणं मला परकं नव्हतं. माझी आईही पोळ्या लाटताना मोजायची नाही. किती झाल्या विचारलं तर ‘होतील आठ-दहा’ म्हणायची. जेवणाऱ्यानं किती खाल्लं याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, नजर लागते, आणि नजरेचं सोडलं तरी जेवणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हाच जाड होते. सासरच्या पंक्तीत माझ्या ताटाकडे कुणी बघितलेलं मला चालत नव्हतं, आणि सासूबाईंनी कधी बघितलंही नाही. ‘आणखी घे’ म्हणायच्या, पण ‘किती घेतेस’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या मोठेपणाचं मोल मला होतं. म्हणून काट्यावर ताट ठेवताना मी त्यांच्याच चांगुलपणाविरुद्ध काहीतरी करते आहे असं वाटायचं.

तीन-चार दिवसांनी दुपारी तांदूळ निवडत असताना त्या आपणहून बोलायला लागल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या शिरूर तालुक्यात होत्या, नवी सून. रेशनवर मायलो यायचा, ती लाल परदेशी ज्वारी. घरात अकरा माणसं. त्यांच्या सासूबाई रोज सकाळी कोठीच्या दारात बसून धान्य मापून द्यायच्या. मग मापं सांगायला लागल्या. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. मी शाळेत किलो-ग्रॅम शिकलेली, मला यातलं निम्मं ऐकूनही माहीत नव्हतं. बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘मोजत होतोच की आम्ही. दाणान् दाणा मोजत होतो. पण कोठीतून काढताना. एकदा ताटात पडलं की नाही कुणी मोजायचं.’’

दुसऱ्या दिवसापासून काटा जेवायच्या टेबलावरून उचलून ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी ठेवला. तो आजही तिथेच आहे.

त्यानं सगळंच बदललं. एका भाकरीला आमच्याकडे साधारण ६० ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं. त्यातली अर्धी करून तोलण्यापेक्षा मी ३० ग्रॅम पीठ वेगळं काढते आणि सासूबाई त्याची चानकी थापतात. चानकी म्हणजे उरल्या पिठाची लहान मुलासाठी केलेली भाकरी. माझ्या लेकीला त्या थापून द्यायच्या, आता मला देतात. तव्यावरून ती ताटात आली की मोजायचं काही उरत नाही. सुखानं खायची.

आमटीचंही तसंच. मोबाइलवरच्या अॅपमध्ये ‘एक वाटी डाळ’ असं असतं. कोणाची वाटी? आमच्याच घरात तीन आकाराच्या वाट्या निघाल्या, पाणी ओतून मोजल्या तर ११०, १५० आणि १८० मिलिलिटर. आणि कोणाची डाळ? एका रविवारी मी सगळं मापून आमटी केली. तूरडाळ १०० ग्रॅम. आमटी झाल्यावर पातेल्यातलं वजन, पातेल्याचं वजा करून, ९०० ग्रॅम. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे माझ्या १५० ग्रॅमच्या वाटीत साडेतीन ग्रॅमच्या थोडं वर. मी ते उत्तर बघून कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिले. ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं असं सांगितलेलं असतं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. आणि मी चार वर्षं ‘वाटीभर आमटी घेते, प्रोटीन झालं’ या समाधानात होते. ६० ग्रॅमसाठी अशा सोळा वाट्या प्याव्या लागल्या असत्या.

मग हिशेब उलटा मांडला. पनीर ६० ग्रॅम, त्याचे ११. दोन अंडी, १२. मूगडाळ ५० ग्रॅम भिजवून त्याची धिरडी, १२. दही मोठी वाटी, ६. प्रोटीन पावडरचा एक चमचा, जो डब्यातच येतो, २० च्या आसपास. साठी ओलांडली जाते. आमटी अजूनही घेते, पण चवीसाठी घेते. पहिल्यांदा प्रोटीनचा घास, मग भाजी, मग चानकी, असा क्रम लावला. आश्चर्य म्हणजे चिवड्याच्या डब्याकडे जाणारा हात त्यानंच निम्मा कमी झाला. संध्याकाळची ती खा-खा म्हणजे सवय असेल असं मी धरून चालले होते. ती पुष्कळशी खरी भूकच होती.

वहीतला सर्वांत रिकामा दिवस संकष्टीचा. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. खिचडीत दाण्याचं कूट असतं म्हणून काही थोडं पोटात जातं एवढंच. उपास मला मोडायचा नव्हता. आता आदल्या रात्री सासूबाई दही पंच्यात बांधून नळाला टांगतात. सकाळी त्याचा चक्का होतो. तो, पनीर, दूध आणि राजगिऱ्याची छोटी भाकरी यावर चंद्रोदयापर्यंत नीट निभतं.

गोळ्यांचा रकाना मी उशिरा घातला, त्याची किंमतही मोजली. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हे सगळं आयुष्यभर घ्यायचं असतं. मी तिसऱ्या वर्षी ‘आता बरं आहे’ म्हणून बी-१२ सोडलं होतं. पावलांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा तपासणीत कळलं. आता लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी, मध्ये दोन तासांहून जास्त अंतर, आणि वहीत बरोबरची खूण.

ही वही काही नेहमीच चांगली वागली नाही. पहिल्या दिवाळीत मला तिची भीती बसली. एका संध्याकाळी चार बाकरवड्या खाल्ल्या आणि लिहायला नको म्हणून वही उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नऊ दिवसांची पानं कोरी आहेत. त्या नऊ दिवसांत माझं खाणं पार सुटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे दिवसभर डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आकडे लिहू नका, नुसते पदार्थ लिहा. महिनाभर तेच केलं. ‘बाकरवडी, चार, पाहुणे आले होते.’ ‘करंजी, एक, स्वतः केलेली.’ शेजारी आकडा नव्हता म्हणून लिहिताना हात अडखळला नाही. ज्यांना मोजण्यानं असा जाच होतो त्यांनी तो अंगावर काढू नये, डॉक्टरांशी बोलावं, हे मी कळकळीनं सांगते. आकडे नंतर परत आले, पण सणाच्या दिवशी मी अजूनही ते लिहीत नाही. उकडीच्या मोदकांचं पीठ मी तोलत नाही आणि तोलणारही नाही.

वजन रविवारी सकाळी, आठवड्यातून एकदाच. रोज बघायचे तेव्हा पापड-लोणचं झालेल्या दिवसानंतर काटा किलोभर पुढे दिसायचा आणि दिवस वाया जायचा. एका रात्रीत किलोभर चरबी चढत नाही. तिला सात-साडेसात हजार कॅलरी जास्तीच्या लागतात. मीठ पाणी धरून ठेवतं, दोन दिवसांत जातं. गेले वर्षभर मी ७८ आणि ७९ च्या मध्ये आहे. ७६ परत दिसले नाहीत. सुरुवातीला त्याची खंत होती, आता फारशी नाही. तळजाईला चालून येते, मधुमेहाची गोळी अजून बंद आहे.

यंदा उन्हाळ्यात सासूबाईंचं वजन उतरायला लागलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. साडी सैल लागते म्हणाल्या तेव्हा काट्यावर उभं केलं, तर चार महिन्यांत साडेचार किलो कमी. तपासण्या झाल्या, मोठं काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आजी, जेवण कसं आहे?’’ त्या म्हणाल्या, ‘‘व्यवस्थित. सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी, आमटी, रात्री खिचडी.’’ मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. चार वर्षांनंतरच्या त्या तपासणीत मी जे सांगितलं होतं, जवळजवळ शब्दन् शब्द तेच. फक्त माझ्या यादीत दिवसभराचं खाणं सुटलं होतं, आणि त्यांच्या यादीतलं बरंचसं ताटातच राहत होतं.

घरी आल्यावर मी वही मागून उघडली. शेवटच्या पानावर रकाने पाडले. त्यांना विचारलं, ‘‘आई, तुमचं लिहू का थोडे दिवस? ताट नाही तोलणार. ओट्यावरच मापून घेईन, आणि पानात उरलेलं परत मापीन.’’ त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘वाढायला मोजतेस ना. मग लिही.’’

पहिल्या आठवड्यात त्यांचं प्रोटीन दिवसाला २५ ग्रॅमच्या वर गेलं नाही. आता आमच्या दोघींची धिरडी एकाच तव्यावर होतात. त्यांच्या दुधात दुधाची पावडर घालते, खिचडीत डाळ जास्त आणि तांदूळ कमी, वर तुपाचा चमचा, जो माझ्या वाटीत नसतो. मागच्या महिन्यात त्यांचं वजन सहाशे ग्रॅमनं वाढलं.

काल रात्री ओटा आवरून मी वही पुढून भरली, मग उलटी करून मागून भरली. दिवा मालवायला गेले तर अंथरुणातून त्यांनी विचारलं, ‘‘दुपारचा अर्धा पेढा लिहिलास का गं माझा?’’

लिहिला होता.